थराराची ओढ आणि लक्षाचा प्रश्न

पुस्तक उघडले की दहा मिनिटांत जांभया देणारा मुलगा कड्यावर चढताना तास-दोन तास नजर हलवत नाही. वर्गात खिडकीबाहेर बघत बसणारी मुलगी नाटकाच्या तालमीत स्वतःबरोबर इतरांचेही संवाद पाठ करते. तरी शाळेत, क्लासमध्ये आणि घरात अशा मुलांबद्दल शेरा एकच ठरलेला असतो: ‘लक्षच नसतं.’ पालकसभेत तो उच्चारला जातो, प्रगतिपुस्तकावर उमटतो आणि काही वर्षांनी मूल स्वतःच तो स्वतःबद्दल बोलू लागते. याच मुलांबद्दल आणखी एक तक्रार असते. ती गाडी वेगाने पळवतात, उंचावरून पाण्यात उड्या घेतात, नव्याच्या मागे धावतात. मग या दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या खुणा मानल्या जातात. लक्ष कमी म्हणून थरार लागतो किंवा थरार लागतो म्हणून लक्ष कमी, असे गणित मांडले जाते.

हे गणित तपासायला हवे, कारण त्यावर मुलांबाबतचे निर्णय अवलंबून असतात. कोणाला समुपदेशकाकडे न्यायचे, कोणाचे खेळ बंद करायचे, कोणाला वाया गेलेला ठरवायचे, हे त्यावरून ठरते. मानसशास्त्राने या दोन गुणांचा कधी वेगवेगळा, कधी एकत्र असा सुमारे सत्तर वर्षे अभ्यास केला आहे. त्या साऱ्याचा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येतो: थराराची ओढ लक्ष कुठे जाईल हे ठरवते. ते तिथे किती टिकेल आणि गरज पडल्यास मागे कसे घेता येईल, हे बऱ्याच अंशी दुसरीच क्षमता ठरवते. या दोहोंची गल्लत झाली की मुलाची पारखही चुकते आणि उपायही.

काहीच न घडणाऱ्या खोलीतून

या अभ्यासाची मुळे १९५०च्या दशकातल्या माँट्रियलमध्ये सापडतात. मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या विभागाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन एका लहान खोलीत पलंगावर नुसते पडून राहायला सांगितले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर मोजे आणि पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. मोबदला त्या काळच्या मानाने चांगला होता, तरी बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे राहवले नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक गोष्ट ठळक केली: मेंदूला विश्रांतीइतकीच उत्तेजनाचीही गरज असते.

ही गरज प्रत्येकाची सारखी नसते, हा पुढचा टप्पा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी गाठला. तेही संवेदना तोडण्याचेच प्रयोग करत होते आणि त्याच खोलीत एक माणूस शांत पडून राहतो, तर दुसरा चुळबुळायला लागतो, हा फरक त्यांना मोजायचा होता. त्यातून १९६४ मध्ये संवेदना-शोधाची पहिली प्रश्नावली तयार झाली. १९७८ मध्ये तिची सर्वांत अधिक वापरली गेलेली, ४० प्रश्नांची आवृत्ती आली. तिच्यात या गुणाचे चार पदर वेगळे केले आहेत: शरीराला धोका असलेल्या साहसाची आवड, नव्या अनुभवांची आस, सामाजिक बंधने झुगारण्याचा कल आणि कंटाळा न सोसणे. झुकरमन यांच्या पुढच्या व्याख्येत वैविध्य, नावीन्य, गुंतागुंत आणि तीव्रता यांचा शोध मध्यवर्ती आहे. धोका हे त्या शोधाचे उद्दिष्ट मानलेले नाही. तो पत्करायची तयारी असते, एवढेच.

हा बारकावा पालकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. थरार शोधणाऱ्या मुलाला अपघात हवा नसतो. त्याला तीव्र, ताजा अनुभव हवा असतो, आणि तो कड्यावर मिळतो तसाच संगीतात, प्रवासात, अवघड गणितात किंवा रंगमंचावरही मिळू शकतो. चौथा पदर, कंटाळा न सोसण्याचा, आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण लक्षाचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

लक्षाचे तीन भाग

‘लक्ष दे’ असे आपण म्हणतो तेव्हा एकाच गोष्टीची अपेक्षा करतो आहोत असे वाटते. मेंदूच्या अभ्यासकांना ते तसे दिसत नाही. मायकल पोस्नर आणि स्टीव्हन पीटरसन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विभागणीनुसार लक्षाच्या तीन यंत्रणा आहेत. पहिली जागरूक ठेवणारी, दुसरी नव्या गोष्टीकडे वळवणारी आणि तिसरी नियंत्रण करणारी. तिसरीमुळे आपण मोह बाजूला सारून ठरवलेल्या कामावर परततो.

पहिल्या यंत्रणेची मर्यादा दुसऱ्या महायुद्धातच दिसून आली होती. रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणारे ब्रिटिश सैनिक महत्त्वाची खूण चुकवू लागले, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखे एक यंत्र बनवले. काटा ठरावीक टप्प्यांनी सरकत राहतो आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी घेतो. ती उडी ओळखायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच अचूकता घसरली, असे १९४८ च्या त्यांच्या लेखात नोंदले आहे. हे निवडक, प्रशिक्षित तरुण होते. एकसुरी कामावर दीर्घकाळ लक्ष टिकवणे मानवी मेंदूला मुळातच जड जाते. सोळा वर्षांच्या मुलाकडून शाळेनंतर तीन तासांच्या क्लासमध्ये ते मागताना हा पाया विसरला जातो.

नव्याकडे वळणारी नजर

संवेदना-शोध आणि लक्ष यांचा संबंध प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसला तो दुसऱ्या, म्हणजे वळवणाऱ्या यंत्रणेत. अचानक आवाज झाला की आपण मान वळवतो, हृदयाची गती क्षणभर मंदावते, तळव्यांना किंचित घाम येतो. १९७६ मध्ये नीअरी आणि झुकरमन यांनी त्वचेची विद्युत्‌वाहकता मोजून हा प्रतिसाद तपासला. ज्यांची संवेदना-शोधाची पातळी वरची होती, त्यांचा प्रतिसाद नव्या उद्दीपकाला पहिल्या वेळी जोरदार होता. तोच उद्दीपक पुन्हा पुन्हा दिल्यावर तो इतरांच्या पातळीवर उतरला. नवा उद्दीपक आला की पुन्हा उसळला.

या एका निष्कर्षात बराचसा प्रश्न सामावला आहे. या मुलांचे लक्ष मंद नसते. उलट, नव्याकडे ते इतरांहून जोराने वळते. फरक पडतो तो नावीन्य ओसरल्यावर. म्हणून नवा धडा सुरू होताना हीच मुले सर्वांत आधी हात वर करतात आणि त्याच धड्याच्या तिसऱ्या उजळणीला सर्वांत आधी हरवतात. शिक्षकांना हे विसंगत वाटते, पण त्यामागे एकच नियम आहे.

एकाग्रतेबद्दलही हीच दिशा दिसते. १९९२ मध्ये बॉल आणि झुकरमन यांनी दोन्ही कानांत वेगवेगळा मजकूर ऐकवून एकाच कानातला तोंडाने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानातल्या मजकुराकडे ओढले जाण्याचा धोका कोणाला अधिक असेल, असे विचारले तर आपण थरार शोधणाऱ्यांकडे बोट दाखवू. प्रत्यक्षात अशा कामात ते मागे पडले नाहीत, एकाच गोष्टीवर रोखलेल्या लक्षात तर ते सरस ठरले. काम आव्हानाचे असेल तर हा स्वभाव लक्षाला बळ देतो.

मॉरिशसमधला एक दीर्घ अभ्यास याला दुजोरा देतो. एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी १,७९५ तीन वर्षांच्या मुलांची नवे शोधण्याची, अनोळखी माणसांशी बोलण्याची, खेळणी उलगडून पाहण्याची प्रवृत्ती नोंदवली. ज्यांची ही प्रवृत्ती अधिक होती, त्यांचा बुद्ध्यंक ११ व्या वर्षी कमी प्रवृत्तीच्या मुलांपेक्षा १२ गुणांनी वरचा निघाला. उत्सुक मूल स्वतःसाठी समृद्ध परिसर तयार करते आणि तो परिसर त्याला घडवतो, असा त्याचा अर्थ २००२ च्या लेखात लावला आहे.

वय काय करते

मग किशोरवयातच ही ओढ अडचणीची का ठरते? याचे उत्तर शोधण्यात टेम्पल विद्यापीठाचे लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा मोठा वाटा आहे. २००८ मध्ये त्यांच्या गटाने १० ते ३० वयाच्या ९३५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दोन रेषा वेगवेगळ्या दिशांनी गेल्या. संवेदना-शोध दहाव्या वर्षापासून चढत पंधराच्या आसपास शिखरावर जातो आणि पुढे उतरतो. उतावळेपणा मात्र दहापासून तिशीपर्यंत संथपणे कमी होत जातो. म्हणजे ओढ झपाट्याने वाढते आणि आवर घालण्याची क्षमता मागून सावकाश येते. मधल्या काही वर्षांतली ही तफावत म्हणजे किशोरवयातल्या धोक्याचे मूळ, असे हे प्रतिमान सांगते.

हे केवळ अमेरिकेचे चित्र आहे का, हा रास्त प्रश्न होता. त्यासाठी ११ देशांत, भारतासह, पाच हजारांहून अधिक लोकांवर तोच अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. संवेदना-शोधाचे शिखर तिथे १९ व्या वर्षाच्या सुमारास दिसले, तर स्वनियंत्रण विशीच्या मध्यापर्यंत वाढत राहिले. वयाचे आकडे थोडे सरकले, आकृती तीच राहिली. आपल्याकडे दहावी, बारावी, प्रवेश परीक्षा आणि दुचाकीचा पहिला परवाना हे सारे नेमके याच पट्ट्यात येते.

सोबतीचा परिणामही याच गटाने मोजला. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५ च्या प्रयोगात ३०६ जण संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळले, कधी एकटे, कधी मित्रांसमोर. मित्र असताना किशोरांनी कितीतरी अधिक धोका पत्करला. प्रौढांवर सोबतीचा फारसा परिणाम झाला नाही. २०११ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन हाच प्रकार तपासला, तेव्हा मित्र पाहत आहेत हे कळताच किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाला प्रतिसाद देणारे भाग अधिक सक्रिय झाल्याचे दिसले. लक्षाच्या भाषेत सांगायचे तर मित्रांच्या नजरेमुळे मिळणाऱ्या आनंदाचे वजन वाढते, आणि सिग्नलचा पिवळा दिवा दिसत असूनही हलका ठरतो.

ओढ वेगळी, उतावळेपणा वेगळा

इथे या आढाव्यातला सर्वांत महत्त्वाचा फाटा येतो. दीर्घकाळ संवेदना-शोध आणि उतावळेपणा एकाच पिशवीत टाकले जात होते. २००१ मध्ये व्हाइटसाइड आणि लायनम यांनी प्रचलित प्रश्नावल्यांचे एकत्र विश्लेषण करून त्या पिशवीतले चार निरनिराळे गुण बाहेर काढले: भावनेच्या भरात वाहून जाणे, परिणामांचा आधी विचार न करणे, चिकाटी नसणे आणि संवेदना-शोध. लक्ष टिकत नसल्याच्या तक्रारीशी सर्वांत जवळचे नाते निघाले चिकाटीच्या अभावाचे. संवेदना-शोध त्यापासून बराच दूर होता.

किशोरांमध्ये हे वेगळेपण डॅनियल रोमर आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात दाखवले. १० ते १२ वयाच्या ३८७ मुलांना त्यांनी वर्षावर्षाच्या अंतराने तीनदा तपासले. प्रत्येक वेळी कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता मोजली. लक्षाच्या नियंत्रक यंत्रणेशी ती घट्ट जोडलेली असते. विचार न करता कृती करणाऱ्या मुलांची ही क्षमता सुरुवातीपासूनच कमजोर होती. संवेदना-शोध अधिक असलेल्या मुलांची मात्र ती वाढत गेली. धोक्याच्या आणि बेशिस्त वर्तनाशी अविचाराचा संबंध अधिक घट्ट होता. तरीही संवेदना-शोध निरुपद्रवी ठरला नाही. अविचार वजा केल्यावरही त्यावरून पुढच्या काळात वाढणाऱ्या धोकादायक वर्तनाचा अंदाज बांधता येत होता.

या अभ्यासामुळे एक सोपी समजूत मोडते. किशोर म्हणजे इंजिन जोरात आणि ब्रेक नाही अशी गाडी, ही उपमा लोकप्रिय आहे, पण ती सर्वांना लागू होत नाही. काही मुलांचे इंजिन जोरात असते आणि ब्रेकही उत्तम असतो. ती गिर्यारोहक होतात, शल्यचिकित्सक होतात, वार्ताहर होतात. काहींचा ब्रेकच कच्चा असतो, मग इंजिन साधे असले तरी ती धडपडतात. काहींच्या वाट्याला दोन्ही येते. खरी काळजी या शेवटच्या गटाची करायला हवी.

कंटाळा आणि एडीएचडी

थरार आणि लक्ष यांच्यामध्ये कंटाळा उभा असतो. कॅनडाचे जॉन ईस्टवुड यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची व्याख्याच लक्षाच्या आधारे केली: काहीतरी समाधान देणारे करायची इच्छा आहे, पण लक्ष कशातही गुंतत नाही, अशी त्रासदायक अवस्था. जेम्स डँकर्ट यांच्या गटाने त्याच वर्षी कंटाळ्याचे दोन प्रकार वेगळे केले. एकात माणूस निरुत्साही होतो, दुसऱ्यात अस्वस्थ होऊन काहीतरी शोधू लागतो. वर्गात मान टाकून बसलेला आणि बाकाखाली पाय हलवणारा, या दोघांना आपण एकच शेरा देतो, पण त्यांच्या मनात वेगवेगळे घडत असते.

कंटाळ्याची ताकद व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०१४ च्या एका प्रयोगाने दाखवली. लोकांना १५ मिनिटे रिकाम्या खोलीत स्वतःच्या विचारांसोबत बसवले आणि हवा असल्यास स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याचे बटण ठेवले. हा झटका टाळण्यासाठी पैसे देऊ, असे आधी म्हणणाऱ्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणांनी तो स्वतःला दिला. ही मोठी माणसे होती.

आता एडीएचडीचा, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचा मुद्दा. गेल्या काही वर्षांत हा शब्द शहरी घरांत सहज वापरला जाऊ लागला आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज २००७ मध्ये सुमारे ५ टक्के मुलांचा निघाला. निदानाचे निकष स्पष्ट आहेत: लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत, घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावीत आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी असावीत. पंधराव्या वर्षी एकाएकी अभ्यासातून लक्ष उडालेल्या मुलाची झोप, मनःस्थिती, मैत्री आणि भीती आधी पाहावी लागते.

एडीएचडी आणि थराराची ओढ यांच्यात काही दुवे आहेतच. उत्तेजनाची पातळी कमी पडते म्हणून ही मुले हालचालीतून ती वाढवतात, असा विचार सिडनी झेंटाल यांनी १९७०च्या दशकात मांडला. २००७ मध्ये स्वीडनच्या योरान सॉडरलुंड यांच्या गटाला एडीएचडी असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी एकसारख्या गोंगाटात सुधारलेली आढळली, तर इतर मुलांची बिघडलेली. १९९६ मध्ये डोपामिनच्या डी४ या ग्राहकाच्या जनुकाचा संबंध एकीकडे नावीन्याच्या ओढीशी आणि दुसरीकडे एडीएचडीशी असल्याचे वृत्त आल्यावर मोठी खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत एडीएचडीशी असलेला संबंध टिकला, पण लहान निघाला. स्वभावाशी जोडलेला दुवा बराच विरला. ‘थराराचे जनुक’ असे काही सापडलेले नाही.

उपचारांचा एक पुरावा मात्र लक्षाच्या बाजूने ठामपणे बोलतो. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या पुरुषांच्या गंभीर वाहन अपघातांचे प्रमाण औषध घेत असलेल्या काळात ५८ टक्क्यांनी कमी दिसले. वेग आवडणाऱ्या माणसाचे लक्ष सावरले की त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते. निदान खरे असेल तर उपचार टाळणे हे धैर्य नव्हे.

पडदा

मोबाइलने हा गुंता वाढवला आहे, कारण बोटाच्या एका हालचालीवर नावीन्य पुरवणारे असे साधन आधीच्या पिढ्यांना मिळाले नव्हते. नव्याकडे जोराने वळणाऱ्या लक्षाला रील्सची रांग अचूक पकडते. नवा उद्दीपक, जोरदार प्रतिसाद, ओसरायच्या आत पुढचा.

एकाच वेळी अनेक माध्यमे वापरणाऱ्यांत संवेदना-शोधाची पातळी वरची असते, हे १४ ते १६ वयाच्या अमेरिकी मुलांमध्ये २००७ मध्येच दिसले होते. २०१३ मध्ये युटा विद्यापीठात ३१० विद्यार्थ्यांची तपासणी झाली. जे एकाच वेळी अनेक कामे सर्वाधिक करत होते, तेच त्यात सर्वांत कच्चे होते आणि स्वतःच्या कौशल्याबद्दल त्यांचा अंदाज फुगलेला होता. संवेदना-शोध आणि उतावळेपणा दोन्ही त्यांच्यात अधिक होते.

कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा थोडा उलगडा लॉस एंजलिसच्या अभ्यासाने केला. सुरुवातीला एडीएचडीची लक्षणे नसलेल्या १५-१६ वर्षांच्या २,५८७ विद्यार्थ्यांना दोन वर्षे पाहिले. १४ डिजिटल सवयींपैकी एकही वारंवार नसलेल्यांत पुढे लक्षणे दिसण्याचे प्रमाण ४.६ टक्के होते, सात सवयी असलेल्यांत ९.५ आणि सर्व १४ असलेल्यांत १०.५ टक्के. हा २०१८ चा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवा आणि त्याची सीमाही सांगायला हवी. ही लक्षणे मुलांनी स्वतः नोंदवलेली होती, डॉक्टरांनी केलेले निदान नव्हते. शिवाय भरपूर वापर करणाऱ्या दहांतल्या नऊ मुलांत लक्षणे दिसलीच नाहीत. उलट बाजूलाही पुरावा आहे. वेगवान व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे दृश्य लक्ष अधिक तीक्ष्ण असते, असे ग्रीन आणि बावेलिअर यांनी २००३ मध्ये दाखवले. पडदा लक्षाच्या एका यंत्रणेला धार लावू शकतो आणि दुसरीचा सराव बंद पाडू शकतो.

रस्ता

लक्ष आणि थरार यांची सर्वांत महाग गाठ रस्त्यावर पडते. भारतात २०२२ मध्ये ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. ब्रायन जोना यांच्या १९९७ च्या आढाव्यात संवेदना-शोध आणि धोकादायक वाहनचालन यांचा मध्यम पण सातत्याचा संबंध दिसला होता. त्यात लक्षाची भूमिका अशी: नवशिक्या चालकाची नजर पुढचा धोका हेरायला अजून शिकलेली नसते, आणि वेग हेरायला मिळणारा वेळच कमी करतो. मागच्या सीटवर दोन मित्र बसले की सोबतीचा परिणाम त्यात मिळतो. २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद केली. ‘क्लास लांब आहे’ म्हणून चावी देणाऱ्या प्रत्येक घराने ही तरतूद वाचावी, आणि दंडाच्या आधी त्या तीनही मुलांचे वय आठवावे.

ओढीशी भांडण नको

या स्वभावाला उपदेश लागू पडत नाही, हे अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या लुईस डोनोह्यू आणि फिलिप पामग्रीन यांनी ओळखले. थरार शोधणाऱ्या किशोरापर्यंत पोचायचे असेल तर संदेशानेच आधी त्याचे लक्ष जिंकायला हवे, अशी त्यांची मांडणी होती. त्यांनी गांजाविरुद्धच्या जाहिराती नव्या, वेगवान, नाट्यपूर्ण आणि अनपेक्षित वळणाच्या बनवल्या आणि ही मुले पाहतात त्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमांत लावल्या. केंटकी आणि टेनेसीमधल्या दोन परगण्यांत ३२ महिने दरमहा मुलाखती घेऊन परिणाम मोजला. संवेदना-शोध अधिक असलेल्या किशोरांतला गांजाचा चढता वापर मोहिमांमुळे उलटा फिरला, असे २००१ मध्ये जाहीर झाले. ज्या मुलांना ‘ऐकतच नाहीत’ म्हणून सोडून दिले जाते, त्यांच्याशी त्यांच्या लक्षाच्या रीतीने बोलले तर ती ऐकतात.

थराराला चौकट दिली की काय होते, याचे दाखले महाराष्ट्राला नवे नाहीत. दहीहंडीच्या थरावर उभ्या मुलाच्या लक्षात एका क्षणाची चूक चालत नाही, आणि म्हणूनच तिथे वयाची मर्यादा हवी की नको यावर मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. २०२२ मध्ये राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. दर्ज्याबरोबर हेल्मेट, दोर, सराव आणि लहान मुलांना वर न चढवण्याची शिस्त आली पाहिजे. मल्लखांब आणि सह्याद्रीतले प्रस्तरारोहण हेच शिकवतात: थरार पूर्ण मिळतो, पण तो लक्षाच्या बदल्यात मिळतो. नताशा ड्यूएल आणि स्टाइनबर्ग यांनी ‘सकारात्मक जोखीम’ म्हणून जी कल्पना मांडली आहे, तिचा गाभा हाच आहे. नवा खेळ, अवघड विषय, रंगमंच, अनोळखी गटात पुढाकार यांतही संवेदना-शोधाची भूक भागते. तीच ओढ मुलाला चांगल्या आणि वाईट दोन्ही जोखमींकडे नेते, आणि कोणती वाट सहज हाताशी आहे यावर बरेच काही ठरते.

मोजमापाच्या मर्यादा

या साऱ्या निष्कर्षांकडे पाहताना काही सावधानता हवी. झुकरमन यांच्या प्रश्नावलीत पॅराशूटने उडी मारणे, पाण्यावर स्की करणे असे प्रश्न होते. ज्या मुलाने ते कधी पाहिलेच नाही, त्याच्या उत्तरातून स्वभाव कळतो की घरची ऐपत? जेफ्री आर्नेट यांनी १९९४ मध्ये नावीन्य आणि तीव्रता यांवर आधारलेली वेगळी मोजपट्टी केली ती अशाच अडचणींमुळे. मुलगे मुलींपेक्षा अधिक गुण मिळवतात हा जुना निष्कर्षही सरकतो आहे. साहसाच्या आवडीतली ही तफावत गेल्या काही दशकांत कमी झाल्याचे २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. जे मुलींचे स्वभावलक्षण मानले गेले, त्यातला काही भाग फक्त परवानगीचा होता. याशिवाय स्वतःबद्दल भरलेली प्रश्नावली आणि प्रत्यक्ष कामावर मोजलेले लक्ष यांचा मेळ अनेकदा सैल असतो. मराठी शाळांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी त्यांच्या जगातले प्रश्न विचारणारी मोजपट्टी घडवणे हे आपल्या विद्यापीठांचे काम आहे.

शाळेने आणि घराने काय करावे

पहिले, ‘लक्ष नसतं’ हा शेरा बंद करावा आणि त्याजागी चार प्रश्न विचारावेत. लक्ष कशावर लागते? किती वेळ टिकते? कोणाच्या सोबतीत सुटते? सुटल्यावर स्वतः परत आणता येते का? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नातून ओढ कळते, दुसऱ्या आणि शेवटच्यातून नियंत्रण कळते. शेवटच्याचे उत्तर सर्व ठिकाणी, वर्षानुवर्षे ‘नाही’ असेल तर तज्ज्ञाकडे जावे आणि विनासंकोच जावे.

दुसरे, एकसुरी उजळणीचे तास तोडावेत. तीच संकल्पना नव्या प्रश्नातून, प्रयोगातून, वादविवादातून आली तर नव्याकडे वळणारी यंत्रणा शिक्षकाच्या बाजूने काम करते. तिसरे, परीक्षेच्या वर्षी खेळ बंद करण्याची पद्धत सोडावी. थरार शोधणाऱ्या मुलाचा खेळ काढून घेतला तर ओढ शिल्लकच राहते, आणि तिला मोबाइल किंवा दुचाकी एवढेच मार्ग उरतात. चौथे, कंटाळा सोसण्याचा सराव थोडाथोडा द्यावा, कारण चिकाटी स्वभावात कमी असली तरी सवयीने वाढते. पाचवे, चावी आणि परवाना यांबाबत लाड करू नयेत.

किशोरवयातली ओढ काही वर्षांत आपोआप उतरते, नियंत्रण आपोआप वाढते. मधली पाच-सात वर्षे मूल सुरक्षित राहावे आणि त्याला स्वतःबद्दल खोटे काही शिकवले जाऊ नये, एवढी जबाबदारी मोठ्यांची आहे. ज्या मुलाला दहा वर्षे ‘तुझं लक्षच नसतं’ ऐकवले जाते, ते आपले लक्ष कुठे उत्तम लागते हे शोधायचेच सोडून देते. त्या नुकसानाची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही, म्हणून ते टाळण्याची काळजी आपणच घ्यायला हवी.